बाटलेली पिल्लं

धाकट्या जाऊला लग्नानंतर वर्षाच्या आत मुलगा झाला आणि माझा जळफळाट झाला. खोटं कशाला बोलू? मला त्या घरात येऊन आठ वर्षं झाली होती, कूस रिकामीच. निजामाचं राज्य जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. आष्टीत तेव्हा सगळा दोष बाईचाच. जाऊला आई नव्हती, म्हणून बाळंतपणही आमच्याकडेच, माझ्या डोळ्यांसमोर.

बारशाला सासूबाईंनी लेकुरवाळ्या बायका बोलावल्या. मी पाळण्याला हात लावायला गेले तर सगळ्यांदेखत म्हणाल्या, "तू बाजूला हो गं. लेकराला बराबर न्हाई ते." मी चुलीपाशी जाऊन घुगऱ्या ढवळत बसले.

जाऊच्या खोलीत तुळईच्या सांध्यात चिमणीचं घरटं होतं, आत तीन पिल्लं. माझ्या खोलीत काडीसुद्धा नाही. देवही हिच्याच पदरात ओततो, असं वाटून माझं डोकं फिरलं. माणसाचा हात लागला की पिल्लू बाटतं, मग चिमणी त्याला टोचून टाकते, हे मी लहानपणापासून ऐकलेलं. दुसऱ्या दिवशी जाऊ न्हाणीत गेली, लेकरू पाळण्यात निजलेलं. मी पेटीवर चढले आणि तिन्ही पिल्लांवरून बोट फिरवलं. त्यांनी आ वासला. मी उतरून दाराआड उभी राहिले.

चिमणी अळी घेऊन आली. मान वाकडी करून पिल्लांकडे बघितलं. आता टोचते, असं मला वाटलं. तिनं एकाच्या चोचीत अळी घातली आणि भुर्रकन गेली. परत आली, दुसऱ्याला घातली.

कुणाचा हात चालतो, कुणाचा नाही, हे देवानं तिला शिकवलंच नव्हतं. ते आमचं आम्ही शिकलो होतो. इतकी वर्षं मी ज्या देवाला बोल लावत होते तो चांगला आहे, हे मला तिथं पटलं. आणि स्वतःची शरम वाटली.

जाऊ ओल्या केसांनी आली तेव्हा मी तिला सगळं सांगून टाकलं. तिनं केस पिळत वर घरट्याकडे बघितलं. तेवढ्यात लेकरू जागं झालं.

"रडून राह्यलंय, घ्या ना बाई जल्दी. माझे हात ओले हायेत."

"सासूबाई बोलतील."

"बोलू द्या."

मी त्याला उचललं. हेवा गेला नव्हता. उलट ते ऊन, हलकं अंग छातीशी आल्यावर वाढलाच. पण मी त्याला खाली ठेवलं नाही.