बर्फावरचा झाडू

आयटी पार्कमधल्या आमच्या ऑफिसात ती पोछा मारायची. दोन वर्षं रोज दिसायची, पण मी तिचं नाव कधी विचारलं नाही. कामाला लागण्याआधी ओढणी कमरेला गच्च बांधायची, एवढंच आठवतं.

त्या दुपारी कँटीनच्या टीव्हीवर कर्लिंगची स्पर्धा लागली होती. पुरुषांचा सामना संपून बायकांचा सुरू झाला होता. बर्फावरून जड दगड सरकत येतो आणि तो लांब जावा म्हणून खेळाडू त्याच्यापुढे झाडू घासत धावतात. "दीदी, ये तो आपका गेम है," कुणीतरी म्हणालं. सगळे हसले, मीही हसलो. ती मात्र मन लावून बघत होती.

एका खेळाडूने मध्येच हात वर केला आणि दगड थांबवला.

"क्या हुआ, सर जी?" तिने मला विचारलं.

मी ऐटीत समजावलं, "उसका झाड़ू पत्थर को लग गया. इस खेल में अपनी ग़लती खुद बतानी पड़ती है."

"किसी ने देखा नहीं, फिर भी?"

"फिर भी."

गेल्याच आठवड्यात माझ्या कोपराने पँट्रीतली काचेची बरणी फुटली होती. सुपरवायझरने सगळ्यांदेखत तिला झापलं, तेव्हा मी बाजूलाच चहा ढवळत उभा होतो.

"आपको तो मैंने देखा था, सर जी," ती हळूच म्हणाली आणि बादली उचलून निघून गेली.

सुपरवायझर समोरच, काउंटरपाशी जेवत होता. तेव्हाही मी हात वर केला नाही.