मासे दाखवणाऱ्या यंत्राच्या परवानगीबाबत

"उजव्या कडेला बघा, भाऊसाहेब. तेवढंच आत्ताचं. डावीकडचं सगळं होऊन गेलं," असे म्हणून ते यंत्राच्या काचेवर नखाने टकटक करीत.

इसम : सातपूरच्या कारखान्यातून निवृत्त झालेले टर्नर; नाव मुद्दाम देत नाही. ठिकाण : नाशिकजवळच्या एका धरणाचे पाणी. काळ : दोन हजार सालानंतरची काही वर्षे. साक्षीदार : प्रस्तुत अर्जनवीस, म्हणजे मी, व मच्छीमार सोसायटीचे चेअरमन.

जावयाने परदेशातून आणलेले ते यंत्र पाण्यात आवाज सोडी आणि परतलेल्या आवाजाचे उजवीकडून डावीकडे सरकणारे चित्र काढी. खालची जाड रेघ म्हणजे तळ. त्यावर कमान उमटली की मासा. पहिल्या दिवशी मला काचभर मासेच दिसले. "ती बुडालेली बाभूळ आहे," ते हळूच म्हणाले, मला लाज वाटू नये म्हणून.

पुढे सोसायटीने त्यांची होडी अडवली. "काका, सगळं मासं तुम्हीच नेलं तर आमच्या पोरांनी काय खायाचं?" चेअरमन म्हणाले.

वाचकहो, पत्नी गेल्यापासून काकांना रविवारी घर खायला उठे. धरणावर येणे सुटले असते तर हा मनुष्य टिकला नसता. परवानगीसाठी मी सोसायटीला असा अर्ज लिहिला, की कलेक्टरांनीही तो उभे राहून वाचावा. चेअरमननी तो घडी करून खिशात ठेवला. "कागद ऱ्हाऊ द्या. चला, दावा तुमचं यंत्र."

आम्ही तिघे एकाच होडीत बसलो. काकांच्या काचेवर कमानींची रांग, गळाला मात्र काही नाही. होडीच्या दुसऱ्या टोकाला चेअरमननी आपल्या अंदाजाने गळ टाकला आणि कटला मासा काढला. पुन्हा टाकला, पुन्हा काढला.

"दिसतात हो, पण तोंडच उघडत नाहीत!" काका कळवळून म्हणाले.

चेअरमन हसले, तशी होडी डुलू लागली. "भाऊसाहेब, लिवा. या यंत्रापासून कुणाला धोका नाय. काकांला मासं बघायाची परवानगी हाय." आणि त्यांनी एक कटला काकांच्या पिशवीत टाकला.

मला हा अपमान वाटला. काका मात्र परतताना शीळ घालत होते.

त्यानंतर दर रविवारी चेअरमन त्यांच्या होडीत डोकावत. "काय म्हणतोय टीव्ही, काका?"

गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मुलाने काकांना पुण्यास नेले. त्यांची होडी काठावर पालथी पडून आहे. माझ्या पत्रांना उत्तर नाही. सबब सदर इसमास या लेखाद्वारे कळविण्यात येते, की परवानगी रद्द झालेली नाही, आणि चेअरमन अजून मला विचारतात, "काका कवा येणार?" तरी त्यांनी समक्ष हजर राहून, ते न जमल्यास निदान दोन ओळी लिहून, याचा खुलासा करावा, ही नम्र विनंती.