पार्किंगमधला चंद्र

इथल्या उन्हाळी वेळेसाठी मार्चमध्ये ओव्हनचं घड्याळ तासभर पुढे करताना माझा हात आजही अडखळतो. आई-बाबा कॅनडात कॅल्गरीला माझ्याकडे आले होते त्या वर्षी नेमकी त्याच दिवशी संकष्टी आली. बाबांनी चंद्रोदय काढला जुन्या वेळेनं. त्या भरवशावर आईनं जेवणाआधीची साखर उतरवायची गोळी घेतली आणि चंद्राचा पत्ताच नाही! आई अशी थरथरायला लागली की कपाटातल्या कपबशा वाजाव्यात.

“अगं, तो बघ चंद्र!” बाबांनी पार्किंगमधला दिवा दाखवला.

आईनं हात जोडले. “दिवा कळतो हो मला. तुमचा घाबरलेला चेहरा बघून जेवतेय.”

तेव्हा मी रॉकीजच्या डोंगरांवरचा बर्फ कोसळेल इतका हसलो होतो. आता बायकोला साखरेची गोळी देताना ओव्हनच्या काचेत बाबांचा तोच चेहरा माझ्या खांद्यांवर दिसतो.