उभ्या मावशींचा भाऊ

उभ्या मावशी कधी बसत नसत. चहा उभ्यानं, सूपही उभ्यानं. इंगोलश्टाटच्या आमच्या इमारतीत त्या खालच्या मजल्यावर राहायच्या, बोस्नियातून आलेल्या. नाव माझ्या मुलीनं ठेवलेलं. "बसा हो," म्हटलं की म्हणायच्या, "बसलं की उठायला वेळ लागतो."

आता माझी नात मला आगाऊ म्हणते. तिनं तेव्हाची मी पाहायला हवी होती. पंचेचाळिशीची, नवऱ्याच्या नोकरीपायी जर्मनीत आलेली आणि अतिशहाणी. कुठलासा लेख वाचून मी मावशींनाच त्यांचं युद्ध समजावलं. ओट्यावर तूरडाळ म्हणजे क्रोएशियन फौज, मसूर म्हणजे बोस्नियन.

"गेनाऊ, अगदी बरोबर," म्हणत त्यांनी दोन्ही डाळी बोटानं एकत्र लोटल्या. "हे आधी एकमेकांवर गोळ्या झाडत होते. पंचाण्णवच्या सप्टेंबरात एकत्र येऊन आम्हा बोस्नियातल्या सर्बांवर चालून आले. आमच्यांनीही आधी कमी पापं केली नव्हती. पळायला रस्ता एकच होता." त्या रस्त्यावर धाकटा भाऊ मिलान ट्रॅक्टरवरून उतरला आणि गोठ्यातली गाय सोडायला मागे गेला. तो परत आलाच नाही.

डाळी निवडायला मला दोन दिवस लागले. बरी अद्दल घडली.

बेपत्ता माणसांच्या भावंडांचं रक्त घेऊन सापडलेल्या हाडांशी जुळवत असत. मावशींना तसं पत्र आलं. ते हातात धरून त्या जिना चढत-उतरत राहायच्या. मी मागे लागले, "द्या की, थेंबभर तर रक्त."

"थेंब दिला की तो सापडेल," त्या म्हणाल्या. "आणि असा सापडला तर मेलेला असेल."

भाऊबीजेच्या संध्याकाळी मी बाल्कनीत चंद्राला ओवाळत होते. वाऱ्यानं निरांजन विझत होतं. वर आलेल्या मावशींनी ओंजळीचा आडोसा केला.

"हे काय?"

"भाऊ लांब असला की आम्ही चंद्राला ओवाळतो."

"कुठे आहे तो?"

"पुण्यात. एव्हाना घोरत असेल."

त्यांनी ओंजळ ज्योतीच्या आणखी जवळ नेली. मग म्हणाल्या, "तुला माहीत तरी आहे."

दुसऱ्या दिवशी त्या रक्त द्यायला निघाल्या. धीर द्यायला मी सोबत गेले. सुई बघून भोवळ मलाच आली.

उत्तर यायला वर्ष लोटलं. हाडं मिलानचीच होती. त्याला गावी पुरायचं म्हणून मावशींनी घर रिकामं केलं. बसपाशी मी पुन्हा शहाण्यासारखं विचारलं, "परत कधी?"

"इतकी वर्षं रस्त्यात दिसेल त्या उंच माणसाकडे वळून बघत आले," त्या म्हणाल्या. "आता बघायचं नाही. त्याच्या शेजारी जाऊन राहायचं."