दारव्ह्याच्या पुढच्या चढावर

त्या दिवसांत देवावर माझी श्रद्धा होती की नुसती भीती, हे मला आजही नीट सांगता येत नाही. यांच्या मूत्रपिंडांनी काम सोडल्यापासून डायलिसिससाठी आम्हाला दिग्रसहून यवतमाळला जावं लागे. परत येताना यांना गरगरायचं, बसमध्ये बसवायचं नाही. म्हणून सासऱ्यांच्या वेळची जुनी पेट्रोल गाडी मी चालवायची.

मध्यंतरी ती गाडी बिघडली. उभी असली की इंजिन गचके खायचं, स्टिअरिंग हातात थरथरायचं, आणि चढ लागला की ॲक्सिलरेटर कितीही दाबला तरी गाडी ओढायचीच नाही. गावातल्या मेकॅनिकने एअर फिल्टर झटकून दिलं आणि पेट्रोलमध्ये कचरा असेल, असं सहज बोलून गेला. मला तेवढं पुरे झालं. त्याच्या थोडे दिवस आधी माझे धाकटे दीर ती गाडी एका लग्नाला घेऊन गेले होते. त्यांचं दारव्ह्याला कापडाचं दुकान आहे, पण गाडीची बारीकसारीक दुरुस्तीही त्यांना येते. मी घरी येऊन लगेच फोन लावला, गाडी कशी गचके खाते ते सांगितलं. म्हटलं, "भाऊजी, कुठलं पेट्रोल भरलंत तुम्ही? तुमच्या भावाचा जीव या गाडीवर आहे, एवढंही कळू नये?" मग ते म्हणाले, "पाहतो, वयनी." फोन ठेवल्यावर मला हलकं वाटलं. लिहितानाही लाज वाटते, पण खरंच हलकं वाटलं होतं.

पुढच्या फेरीला दारव्हा ओलांडून आम्ही यवतमाळच्या वाटेला लागलो आणि एका चढावर गाडीने मान टाकली. आधी पहिल्या गिअरमध्ये रांगली, मग दोन-चार आचके देऊन बंदच पडली. मागच्या चाकाला दगड लावून मी यांच्याकडे पाहिलं. पाय सुजलेले, चेहरा फिकट, श्वास तोंडाने चाललेला. वेळेत पोचलो नाही तर मशीन दुसऱ्या रुग्णाला देणार होते. यांनी हळूच आपला फोन काढला आणि भावाला बोलावलं. मी मात्र तोंड फिरवून रस्त्याच्या कडेला गेले.

तिथे उभी राहून मी देवाशी भांडले. डोळे मिटलेले, हात जोडलेले, पण मनात प्रार्थनेचा एक शब्द नव्हता. इतके उपास केले, इतक्या चतुर्थ्या धरल्या, त्याचं हेच फळ का, असा हिशेब मी त्याच्यापुढे मांडत होते. तेवढ्यात समोर ब्रेकचा आवाज झाला. दिग्रसहून येणारी एसटी माझ्यापुढे थांबली होती. तिथे थांबा नाही, मी हातही केला नव्हता. ड्रायव्हरने खिडकीतून मान बाहेर काढली. "काय झालं, बाई? हात जोडून उभ्या होत्या, म्हनून थांबलो."

मी गाडीतल्या यांच्याकडे बोट दाखवून डायलिसिसच्या दवाखान्याचं नाव सांगितलं. कंडक्टर खाली उतरला, त्याने आणि दोघा प्रवाशांनी यांना आधार देऊन आत बसवलं. मी पर्स घ्यायला वळले, तर हे म्हणाले, "तू गाडीजवळ थांब. परत यायला ती लागेल, मी बसने नाही येऊ शकणार." यांना एकट्याला कसं सोडायचं, म्हणून मी बसच्या दारातच उभी राहिले. तेव्हा यांच्या शेजारच्या सीटवरून एक बाई बोलली. साधी सुती साडी, मांडीवर डब्याची पिशवी. "माही सासू त्याच दवाखान्यात हाय. मी नेतो त्याइले मशीनपाशी. तुम्ही घोर नोका करू." तिचं नाव विचारायचं मला सुचलं नाही.

बस गेल्यावर दीर मोटरसायकलवरून आले. आमची नजरानजर झाली, पण झालेल्या बोलण्याचा त्यांनी उल्लेखही केला नाही. बॉनेट उघडून म्हणाले, "वयनी, चालू करा अन् बंद नका पडू देऊ." कोरडं फडकं हातात धरून ते प्लगच्या वायरी एकेक करून काढायला लागले. पहिली काढली तसं इंजिन आणखी बसलं, लावली तसं सावरलं. पुढची काढली तर काहीच फरक पडला नाही. "हा सिलिंडर कामच नाही करून राह्यला," ते म्हणाले. त्यांनी प्लग बदलून पाहिला, तरी तेच. मग त्या वायरीचा माग काढत त्यांचा हात बॅटरीच्या मागे गेला. वायरीचं रबर कुरतडलेलं होतं, आतली तार उघडी पडली होती. त्याच्याच खाली लाल कापडाच्या चिंध्या होत्या, तांदूळ, खोबऱ्याचे तुकडे आणि उंदराच्या लेंड्या.

"हे कोनं ठेवलं?"

मीच ठेवलं होतं. कळंबच्या चिंतामणीपुढे ठेवून आणलेले तांदूळ आणि खोबरं कापडात बांधून, गाडीला काही होऊ नये म्हणून, कुणाला न सांगता मी ते आत खुपसलं होतं. उंदीर त्याच वासाने आला होता. मी कसंबसं म्हटलं, "मी." त्यांनी ते दाणे हलक्या हाताने फडक्यात गोळा केले. "खाल्लं तं खाल्लं. त्याले काय मालूम, कोनाचा परसाद हाय."

मग त्यांनी पिशवीतून नव्या वायरी काढल्या. मी चकित होऊन पाहत राहिले, तसे म्हणाले, "इतवारी तुमच्याकडे येनारच होतो. तुम्ही बोलल्या त्याच दिवशी आनून ठेवल्या. मले वाटलं, खरंच माह्या हातून काही बिघडलं असन."

वायरी बसल्या आणि इंजिन एका लयीत चालू लागलं. मला मात्र मान वर करवेना.

दवाखान्यात पोचले तेव्हा हे मशीनवर होते, शांत झोपलेले. अंगावर कुणीतरी नीट पांघरूण घातलं होतं. नर्स म्हणाली, "तुमच्या नणंदबाई आत्ताच गेल्या. भावाची मशीन कुनाले देऊ नका म्हनून दारातच उभ्या होत्या." मी साऱ्या वॉर्डांतून शोधलं. ती बाई मला दिसली नाही, पुढेही कधी भेटली नाही.

हे सगळं कुणी घडवलं, याचा वाद मी घालत नाही. मला एवढंच कळलं की मी देवाला राखणीला बसवलं होतं, त्याच्या हाती काही सोपवलं नव्हतं. मी भांडत असतानाही माझं काम झालं, याची कृतज्ञता वाटते आणि तितकीच लाजही. आता गाडीत बसताना मी काही मागत नाही. पोचू तेव्हा पोचू, असं मनाशी म्हणते.

परतताना आम्ही दिरांकडे थांबलो. ताट पुढे आल्यावर मी सगळ्यांसमोर म्हटलं, "भाऊजी, माझं चुकलं. मला माफ करा." जाऊबाई वाढता वाढता थांबली. दिरांनी मान खाली घातली, जणू चूक त्यांचीच होती. मग माझ्या ताटात भाकरी ठेवत म्हणाले, "जेवा वयनी. दादाले आज लय दिवसानं भूक लागली हाय."