श्वास घ्यायच्या जागा

एंडाची काळजी नोरीनच्या मनातून जाईना. गावातल्या नऊ वादकांनी मिळून केलेला अल्बम हातात आल्यापासून तर जास्तच.

एंडा तिचा धाकटा, चाळिशी ओलांडलेला. आठवडाभर बापासारखाच शेडमध्ये फरशीचा दगड कापायचा आणि रविवारी पबच्या कोपऱ्यात लाकडी बासरी घेऊन बसायचा. कुणाच्या घरी लग्न असो की मयत, बोलावण्याची वाट त्याने कधी पाहिली नाही.

अल्बम खरंच सुरेख झाला होता. कुणी कुणावर कुरघोडी करत नव्हतं. तिच्या मैत्रिणीचं, डेलियाचं फिडल पुढे होई, कॉन्सर्टिनाची छोटी हातपेटी त्याला वाट करून देई आणि एंडाची बासरी खालून सगळ्यांना धरून ठेवी. चौथी धून नोरीनच्या नवऱ्याची, मॅटीची. एंडा ती बापाशेजारी बसून शिकला होता. बाप जिथे एखादा सूर गाळून श्वास घेई, तिथेच हाही घेई.

शनिवारी दुपारी डेलिया आली तेव्हा तीच धून चालू होती.

"किती वेळा ऐकशील, नोरीन? झिजेल ती."

"तिसऱ्या फेरीत बघ. इथे थांबतो. आणि इथेही."

"अगं, मुद्दाम मोकळं सोडलंय त्याने. सगळे वाखाणतात. तुला आपलं कशातही काहीतरी दिसतं."

"मॅटी इथे कधी श्वास घ्यायचा नाही," नोरीन म्हणाली. "शेवटच्या वर्षी घ्यायला लागला."

डेलियाने कप खाली ठेवला. "रेकॉर्डिंगच्या दिवशी एंडा दोनदा जिन्यावर बसला होता. बुटाची नाडी बांधतोय म्हणाला. बिननाडीचे बूट होते गं ते."

मॅटीच्या छातीत दगडाची धूळ बसली होती. तो थंडीचा खोकला म्हणत राहिला आणि नोरीनने मान डोलावली, कारण तेच सोपं होतं. दवाखान्यात नेलं तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

एंडाही तेच म्हणेल. बरा आहे गं आई, तू जेवलीस का?

डेलिया गेल्यावर नोरीनने तिसरी फेरी आणखी एकदा ऐकली आणि मशीन बंद केलं. तब्येत विचारायचीच नाही, तिने ठरवलं. बाबांची धून फोनवरच वाजव म्हणायचं, तिन्ही फेऱ्या. मग सांगायचं, सोमवारी डॉक्टरकडे जायचंय, मी बरोबर येणार आहे.

आज सुट्टी होती, तो घरीच असणार. तिने फोन जवळ ओढला.