हव्वेच्या सुनेचं बाळंतपण

आक्काला प्रसूतिगृहात इतकी वर्षं झाली होती, की तिच्या हातून जगात आलेल्या मुली आता तिच्याच हाताखाली नर्स म्हणून येत होत्या. साहजिकच कुठलीही गोष्ट ती बाळंतपणाच्या बाजूनेच बघायची. रविवारी प्रार्थनेनंतर चर्चचे पाळकसाहेब बायकांना बायबल समजावून सांगत, तिथेही तिचं तेच. पहिल्याच आठवड्यात तिने विचारलं होतं, "हव्वा जगातली पहिली बाई, तिला ना आई, ना माहेर. मग तिच्या पहिल्या पोराची नाळ कापली कोणी? आदामाने? तो तर भोवळ येऊन पडला असेल!" बायका खोखो हसल्या, पाळकसाहेबही हसले. भला माणूस; माहीत नसलं की "लिहिलेलं नाही" म्हणून मोकळा व्हायचा.

घरी मात्र आक्काची बोलती बंद होती. पाण्याच्या मोटरवरून तिच्या दोन मुलांची जुंपली आणि थोरल्याने धाकट्याच्या हातावर लोखंडी पाना घातला. धाकट्याचा कोपर कायमचा वाकडा झाला. "पुन्हा तोंड दाखवू नकोस," असं थोरल्याला आक्कानेच सुनावलं, आणि तो बायकोला घेऊन दुसऱ्या गावी निघून गेला. आता त्या सुनेचा फोन आला होता, "आई, दिवस भरत आलेत. इथे माझं कोणी नाही. याल का?" आक्का "बघते" म्हणाली आणि तेव्हापासून नुसती बघतच बसली होती. जावं तर धाकट्याचं मन मोडणार, न जावं तर जीव तुटतोय.

त्या रविवारी नेमका हव्वेच्या थोरल्या मुलाचा, काइनाचा विषय निघाला. धाकट्या भावाला, हाबेलाला ठार मारून तो परागंदा झाला, पुढे त्याच्या बायकोला दिवस गेले, मुलगा झाला, असं पाळकसाहेबांनी वाचलं. ही बायको आली कुठून, यावर बायकांत एकच गलका उडाला. पाळकसाहेब म्हणाले, बहीणच असावी. आदामाला मुलीही झाल्या, फक्त त्यांची नावं दिलेली नाहीत.

"मुलींची कशाला देतील!" मागून कोणीतरी म्हणालं.

"ते राहू द्या हो," आक्का म्हणाली. "तिचं बाळंतपण कोणी केलं?"

"आक्का, तेही लिहिलेलं नाही."

"त्यात लिहायचंय काय? बाळंतपण कशाशी खातात हे ठाऊक असलेली बाई तेव्हा जगात एकच. हव्वाच गेली असणार. आई म्हणा की सासू म्हणा, दुसरं होतंच कोण त्या पोरीला?"

बायका हसल्या. आक्काही हसायला गेली, आणि तिचा चेहरा एकदम उतरला. पुढचा धडा तिच्या कानात शिरलाच नाही.

घरी येऊन तिने बॅग भरायला घेतली. धाकटा दारात उभा राहिला. तिने काही लपवलं नाही. सुनेचा फोन सांगितला, हव्वेचंही सांगितलं.

"म्हणजे काइनाकडे निघालीस," तो म्हणाला. "आणि हाबेलाचं काय?"

आक्काला रडू फुटलं. "हव्वेला विचारायला हाबेल उरला नव्हता रे. माझा समोर उभा आहे. म्हणून विचारते. जाऊ का?"

त्याने वाकडा कोपर चोळला. मग चांगल्या हाताने त्याने बॅग उचलली.

"स्टँडपर्यंत सोडतो," तो म्हणाला. "त्याच्या दारापर्यंत यायला सांगू नकोस."